सोळा पांढरे

ओहोटी लागलेली. गोट वॉकच्या भिंतीखाली
चिखलात उभं रोवलेलं,
जणू कुणी दौतीत टाक ठेवला
आणि दार वाजलं म्हणून उठून गेलं.
पीस. पांढरं.

नुसतं पांढरं म्हणून माझं भागत नाही.
मी दात बनवतो, एक्सेटरला, बावीस वर्षं झाली.
माझ्या खणात सोळा पांढऱ्यांची पट्टी असते:
एक चहात मुरलेला, एक पाइप ओढणाऱ्याचा,
एक दोनदा धुतलेल्या तांदळाचा,
आणि सगळ्यात वरचा, लग्नाच्या घाईत
लोक हटकून मागतात तो,
कुणाच्याच तोंडात न शोभणारा.
पीस शेजारी धरून पाहिलं. सोळातलं एकही नाही.

सिन्नरला आम्ही तिन्हीसांजेला
उडत्या बगळ्यांकडे नखं नाचवायचो.
नखावर ठिपका उमटला
की बगळ्यानं कवडी दिली.
कुठल्या बगळ्यानं, असं कुणी विचारलं नाही.
बगळा म्हणजे बगळा.

इथे टॉपशॅमला विचारावं लागतं.
ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर फूटपट्टी:
एकोणतीस सेंटिमीटर.
म्हणजे लहान बगळा नव्हे, त्याचं वीतभरही भरत नाही.
गायबगळा त्याहून आखूड.
हंस म्हणावा, तर दांडा फारच बारीक.
कुरवाच्या पंखात कुठेतरी राखाडी डोकावतंच.
वहीत लिहिलं: मोठा बगळा.
खाली तारीख घातली, रेघ मारली,
आणि मग टोक दिसलं.

टोकाला काळं.
चिखल असणार.
जुना टूथब्रश, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब,
दात घासल्यासारखं हलक्या हातानं,
मग जरा जोरानं.
पाणी स्वच्छच राहिलं. काळं तसंच.

एंडाकॉटना फोन लावला.
ते वयाच्या नवव्या वर्षापासून या खाडीकडे बघत बसलेत.
"आधी तो ब्रश ठेव खाली," म्हणाले.
"दांडाही काळसर आहे? मग चमचा.
यंदाचं पिल्लू. मोठं झालं
की जातं ते काळं."

चमचा! तो तर आमच्या लॅबमध्येही एक आहे,
साहेबाच्या मागे मागे फिरणारा.
हसून घेतलं.
मग नळ तसाच वाहत राहिला.

शाल्मली दोन दिवसांची होती.
काजळ कुठलं मिळायला त्या वॉर्डात?
रोहिणीच्या पर्समधली डोळ्यांची पेन्सिल घेऊन
मीच टेकवलं होतं गालबोट,
डाव्या गालावर, हात थरथरत.
सकाळी नर्स आली, लोर्ना नावाची, फार मायाळू.
कापसाचा बोळा ओला करून
तिनं ते पुसलं. पुसलं जाईना तेव्हा घासलं.
"काय लागलंय हिला?" तिनं विचारलं.
आणि मी,
इंग्रजीत शब्द शोधत,
म्हणालो, "काही नाही. घाण असेल."

पिसाचं टोक आता विस्कटलंय.
बोटांनी सरळ करतो, तंतू तंतूला धरत नाहीत.
वहीतलं 'मोठा बगळा' खोडलं.
लीड्सला फोटो पाठवला. उत्तर आलं:
"कुणाचं आहे? आणि बाबा, जेवलात का?"

रविवारी एंडाकॉटबरोबर पाणथळीवर.
पलीकडच्या काठावर सात जण,
एका पायावर, चोच पाठीत खुपसून,
सातही सारखेच पांढरे.
"हे नेहमी झोपलेलेच," एंडाकॉट म्हणाले,
आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतला.
भरती चढत होती. चहाची वाफ भिंगांवर.

"अरे, बघ, बघ, पंख ताणला एकानं!"

मी दुर्बीण पुसत होतो.